काचेच्या टाकीतली गोगलगाय



भोकरदन तालुक्यातले पिंपळगाव रेणुकाई हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना मिरचीच्या बाजारामुळे ठाऊक असेल. तिथल्या एका शिक्षकबंधूंनी गेल्या पावसाळ्यात मला एक प्रश्न विचारला. प्रश्न मिरचीचा नव्हता, गोगलगायींचा होता. त्यांच्या वर्गात दोन-अडीच फूट लांबीची एक काचेची टाकी आहे. आरोग्य खात्याच्या माणसाकडून आणलेले गप्पी मासे तीत सोडलेले आहेत. टाकी उघडीबोडकी दिसते म्हणून मुलांनी जवळच्या ओढ्यातून हिरवी पाणवनस्पती आणून लावली. महिना गेला आणि काचेवर बाजरीच्या दाण्याएवढे ठिपके दिसू लागले. आणखी पंधरवड्याने ते ठिपके चालू लागले. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत टाकीत मासे वीस आणि गोगलगायी मोजता येईनात, अशी गत झाली.

गुरुजींनी विचारले ते असे. या आल्या कुठून? आणल्या तर कुणीच नव्हत्या. दुसरे, मुले टाकीत हात घालतात, त्यांना यातून काही बाधेल काय? आणि तिसरे, शेतात बुरशीवर मारतो ते मोरचूद चिमूटभर टाकले तर चालेल का?

मी इतिहासाचा शिक्षक. प्राण्यांच्या शास्त्रातले माझे ज्ञान वाचनापुरतेच आहे. परंतु या तीन प्रश्नांच्या मागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक महत्त्वाचा अध्याय तर आपल्याच कोकणात घडलेला आहे. म्हणून हा विषय आज घेतला.

गंमत अशी की, आज आपण जिला न बोलावता आलेली पाहुणी म्हणतो, त्या गोगलगायीला पहिल्या काचटाकीत मोठ्या सन्मानाने बोलावून आणले होते. लंडन शहरात रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. औषधे तयार करणाऱ्यांच्या संस्थेत ते काम करीत. जोसेफ प्रीस्टले आणि यान इंगेनहाउझ यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दाखवून दिले होते की, वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात. वॉरिंग्टन यांच्या मनात आले, मग बंद भांड्यातल्या पाण्यात मासा आणि वनस्पती एकत्र ठेवली तर दोघे एकमेकांना जगवतील की नाही? माशाने सोडलेला वायू वनस्पतीने घ्यावा, वनस्पतीने सोडलेला माशाने. त्यांनी एक मोठे काचेचे भांडे घेतले, तळाशी वाळू, चिखल आणि दगड घातले, व्हॅलिस्नेरिया नावाची लांब पट्टीसारख्या पानांची वनस्पती लावली आणि दोन सोनेरी मासे सोडले.

थोडे दिवस ठीक चालले. मग जुनी पाने कुजू लागली, काचेवर हिरवा थर बसला, पाणी गढूळ झाले. प्रयोग फसतो की काय असे दिसू लागले. तेव्हा वॉरिंग्टन यांनी पाच-सहा डबक्यातल्या गोगलगायी आणून त्यात सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने खाल्ली, काचेवरचा थर खरवडून खाल्ला, आणि त्यांनी घातलेली अंडी माशांना खाद्य म्हणून मिळाली. पाणी पुन्हा निवळले. हा वृत्तांत त्यांनी १८५० साली लंडनच्या रसायनशास्त्र मंडळापुढे वाचला. घरगुती मत्स्यपेटीची सुरुवात सर्वसाधारणपणे तिथून धरतात. मासा, वनस्पती आणि गोगलगाय असे ते त्रिकूट होते. पुढे ऐट सगळी माशांना आली आणि गोगलगायीचे नाव मागे पडले, हा भाग निराळा.

१८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडले. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस यांनी त्या विषयावर पुस्तक लिहिले, आणि इंग्लंडात घरोघर काचेच्या टाक्या ठेवण्याचे वेड पसरले. आपल्याकडे मुंबईस मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाले. मुंबईला सहलीला गेलेल्या पुष्कळ मुलांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथे. खेड्यापाड्यांत मात्र टाकीतला मासा आला तो शोभेसाठी नव्हे, डासांसाठी. १९२८ साली गॅम्बुशिया हा डासांच्या अळ्या खाणारा मासा इटलीतून बंगलोरला आणला गेला, आणि गप्पी माशाचा उपयोगही त्याच कामासाठी होऊ लागला. आज गावच्या हौदात किंवा पाणी साठवण्याच्या टाकीत आरोग्य खात्याचे लोक जे चिमुकले मासे सोडतात, ते हेच. बरे, या गप्पी नावात गप्पा मारण्याचा काही संबंध नाही. त्रिनिदाद बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी १८६६ साली या माशाचे नमुने लंडनला पाठवले, त्यांच्यावरून हे नाव पडले. आणि हे गप्पीसाहेब स्वतः शंखशिंपल्यांचे अभ्यासक होते! म्हणजे गुरुजींच्या टाकीत मासा आणि गोगलगाय एकत्र आली यात योगायोग म्हणावा तर आहे.

आता पहिला प्रश्न, आल्या कुठून?

गोगलगाय आपली अंडी पानाच्या खालच्या बाजूस घालते. साबुदाण्याची खीर थंड झाल्यावर जशी दिसते तसा तो पारदर्शक चिकट पुंजका असतो. पाण्यातून पान उचलले की तो दिसतच नाही. मुलांनी ओढ्यातून वनस्पती आणली तेव्हा अंडी तिच्याबरोबर आली. दुकानातून आणलेल्या वनस्पतीबरोबरही अशीच येतात, माशांच्या पिशवीतल्या पाण्याबरोबरही येतात. ओढ्याला तरी कुणी दिली? इथे चार्ल्स डार्विन यांचा एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. गोड्या पाण्यातल्या गोगलगायी एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कशा जातात, मधली कोरडी जमीन कशा ओलांडतात, हे कोडे त्यांना पडले होते. ज्या टाकीत गोगलगायीची अंडी फुटत होती, तीत त्यांनी बदकाचे पाय लटकवून ठेवले. नुकती जन्मलेली असंख्य पिल्ले त्या पायांवर चढली आणि अशी घट्ट बसली की झटकली तरी पडेनात. पाण्याबाहेर, दमट हवेत, ती बारा ते वीस तास जगली. तेवढ्या वेळात बदक किंवा बगळा शेकडो मैल उडतो. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात हा प्रयोग आहे. शाळेत तो बदकाशिवायही समजावून देता येतो.

आणि एकच आली तरी पुरते, बरं का. या डबक्यातल्या गोगलगायींपैकी पुष्कळ जातींत नर आणि मादी वेगळी नसतात. एकाच जीवात दोन्ही असतात, आणि जोडीदार मिळाला नाही तर तिचे काही अडत नाही. काही जातींत तर सगळ्या माद्याच असतात आणि त्या पोटातूनच पिल्ले सोडतात. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून बिलंदर अशा माणसाला लावतो. शास्त्रज्ञांनी या सबंध वर्गाला जे नाव दिले त्याचाही अर्थ तोच आहे, उदरपाद, म्हणजे ज्याचे पोट हाच पाय.

गुरुजींनी मला तीन निरनिराळ्या गोगलगायींचे वर्णन केले. मुलांनाही त्या ओळखता येतात, म्हणून थोडे सांगतो. पहिली तपकिरी, चकलीसारखी चपट्या वेटोळ्याची. ही आपली देशी, भारतभर तळ्याडबक्यांतून सापडते. शास्त्रीय नाव इंडोप्लॅनॉर्बिस. दुसरी लहान, चकचकीत, पातळ कवचाची. तिचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून धरले की तोंड डाव्या हाताला येते. बहुतेक शंख उजव्या तोंडाचे असतात, ही डावखुरी. हिचे नाव फायसा. तिसरी भोवऱ्याला ओढून लांब केल्यासारखी, निमुळती. दिवसा वाळूत दडते आणि रात्री दिवा लावला की काचेवर शेकड्यांनी दिसते. हिचे नाव मेलानॉइडिस.

यातल्या दुसरी आणि तिसरी या दोघींचा इतिहास मला फार मजेदार वाटतो. फायसाचे पहिले शास्त्रीय वर्णन १८०५ साली फ्रान्समध्ये झाले, गारोन नदीतल्या नमुन्यांवरून. त्यामुळे ती युरोपची म्हणून दीर्घकाळ समजली गेली. परंतु अलीकडे, २००२ साली, संशोधकांनी दाखवले की ती आणि अमेरिकेतली एक गोगलगाय एकच आहे. म्हणजे ती मूळची अमेरिकेची. युरोपात पोचली आणि तिथले नाव घेऊन बसली. आज ती जवळजवळ सगळ्या खंडांत आहे, आपल्याकडेही आहे. याच्या नेमके उलट मेलानॉइडिसचे. बाजारात तिला मलायातली गोगलगाय म्हणून विकतात. पण १७७४ साली डेन्मार्कच्या ओटो म्यूलर यांनी तिचे पहिले वर्णन केले ते आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून. मत्स्यपेट्यांच्या व्यापाराबरोबर विसाव्या शतकात ती अमेरिकेत गेली, तिथल्या झऱ्यांत पसरली, आणि तिथले लोक तिला परकी उपद्रवी म्हणून हिशेबात धरतात. कोण कुणाकडे न बोलावता गेले, हे ठरवताना जरा जपूनच बोलावे लागते.

जिथे माल जातो तिथे हे जीव जातात. आपल्या भोकरदनचेच पाहा. जुन्या काळी हे भोगवर्धन, मोठे व्यापारी नगर. तिथल्या उत्खननात हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती सापडली, तिच्याशी अगदी मिळतीजुळती मूर्ती इटलीत पाँपेई इथे, ज्वालामुखीच्या राखेखाली सापडलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी दख्खनचा माल इतका दूर जात होता. त्या तांड्यांबरोबर, पखालींबरोबर, ओल्या गवतात गुंडाळलेल्या सामानाबरोबर काय काय आले-गेले याची नोंद कोण ठेवतो?

काही वेळा नोंद राहते. १८४७ साली विल्यम बेन्सन नावाच्या शंखसंग्राहक इंग्रज अधिकाऱ्याने मॉरिशस बेटावरून आफ्रिकेतली मोठी गोगलगाय जिवंत आणली आणि ती कलकत्त्यास चौरंगी भागातल्या एका बागेत सोडण्यात आली. ही जमिनीवरची गोगलगाय, पाण्यातली नव्हे. हौसेने सोडलेला तो जीव पुढे देशभर पसरला. २०२२ सालच्या पावसाळ्यात लातूर, बीड आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांत कोवळ्या सोयाबीनची ओळच्या ओळ रातोरात फस्त झाली. दुबार पेरणी करूनही पुन्हा तेच. ती हीच शंखी गोगलगाय. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती बांधावर टाकायची, पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या आणि मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या, हे काम त्या वर्षी घरोघरी लहानथोरांनी केले. कलकत्त्याच्या बागेतली हौस आणि लातूरच्या शेतातले नुकसान यांत पावणेदोनशे वर्षांचे अंतर आहे एवढेच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. खरे म्हणजे त्याच्याचसाठी मी हे भाषण लिहायला बसलो. मुलांना बाधेल काय?

१८७९ आणि १८८० ही वर्षे इंग्लंडात अतिवृष्टीची गेली आणि तिथे सुमारे तीस लाख मेंढ्या मेल्या. यकृतात चपटे कृमी होऊन मेल्या. कृमी मेंढीच्या पोटात जातात कसे, हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा ऑक्सफर्डचे ए. पी. थॉमस आणि जर्मनीत लायप्झिगचे रुडॉल्फ लॉइकार्ट या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, १८८१ ते १८८३ च्या सुमारास हे कोडे उलगडले. जनावराच्या शेणातून कृमीची अंडी पाण्यात जातात. अंड्यातून निघालेली अळी डबक्यातल्या एका बारक्या गोगलगायीच्या अंगात शिरते. तिथे ती एकाची शेकडो होते. मग त्या अळ्या बाहेर पडून पाणथळ गवताला चिकटतात, आणि ते गवत जनावर खाते. मधली गोगलगाय नसेल तर साखळी तुटते. आपल्याकडे तळ्याकाठी चरणाऱ्या जनावरांना जो यकृताचा कृमिरोग होतो, जबड्याखाली पाण्याने भरल्यासारखी सूज येते, त्याचीही साखळी अशीच आहे. वर सांगितलेल्या चकलीसारख्या देशी गोगलगायीतून गुराच्या नाकातला कृमी पसरतो. एम. अनंत नारायण राव यांनी १९३३ साली त्याचे वर्णन केले. अशी गाय श्वास घेताना घोरल्यासारखा आवाज करते. गुराख्यांना तो आवाज शास्त्रज्ञांच्या आधीपासून माहीत असणार.

माणसाचे काय? १८५१ साली कैरोत थिओडोर बिल्हार्ट्झ या तरुण जर्मन डॉक्टराने शवविच्छेदन करताना माणसाच्या रक्तवाहिनीत एक लांबट कृमी पाहिला. लघवीतून रक्त जाण्याचा जो आजार इजिप्तमध्ये शेतकऱ्यांना सर्रास होई, त्याचे मूळ तो होता. आजार किती जुना? १९१० साली मार्क आर्मांड रफर यांनी तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडात त्याची अंडी दाखवून दिली. पण तो अंगात शिरतो कुठून, हे साठ वर्षे कळले नाही. जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी १९१३ साली तिथल्या कृमीची गोगलगाय शोधली आणि १९१५ साली रॉबर्ट लायपर यांनी इजिप्तच्या कालव्यांतली गोगलगाय. इथे गवत खाण्याचीही गरज नव्हती. गोगलगायीतून बाहेर पडलेली अळी पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून थेट आत जाते. कालव्यात पोहणारी पोरे, पाणी देणारे शेतकरी, धुणे धुणाऱ्या बाया, सगळे तिच्या तावडीत.

आपल्या देशात हा रोग मूळ धरून नाही, असाच डॉक्टरांचा समज होता. परदेशातून आलेल्या एखाद्याला दिसे, तेवढेच. आणि मग १९५२ साली, तेव्हाच्या मुंबई राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी या गावी तो गावकऱ्यांतच सापडला. डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह या दोघांनी तो उजेडात आणला. गुहागरकडचे हे लहानसे गाव. तिथल्या लोकांच्या, विशेषतः पोरांच्या, लघवीत रक्त जाई आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर कृमीची अंडी. म्हणजे रोग परदेशातून आलेला नव्हता, गावच्याच पाण्यात होता. मग पाण्यातली कोणती गोगलगाय? इजिप्तमधली जात आपल्याकडे नाही. गाडगीळ-शाहांनी पुढची काही वर्षे हाच शोध चालवला आणि १९५५ पर्यंत त्यांचे बोट ज्या जीवावर गेले तो पाहून कुणालाही नवल वाटावे. फेरिसिया नावाची, जेमतेम तीन-चार मिलिमीटरची, वेटोळे मुळीच नसलेली, दगडाला किंवा पानाला चिकटून बसणारी गोगलगाय. उडदाची अर्धी डाळ पालथी चिकटवावी तशी ती दिसते. इतक्या बारक्या जीवाकडे आधी कुणाचे लक्ष गेले नव्हते. घरच्या काचटाकीत पाणवनस्पतीबरोबर हिच्या जातभाई पुष्कळदा येतात आणि लोकांना तो काचेवरचा डाग वाटतो.

गिमवीचा कृमी नेमका इजिप्तमधलाच की त्याचा एखादा जवळचा भाऊबंद, याबद्दल नंतरच्या संशोधकांत मतभेद झाले आणि ते पूर्णपणे मिटलेले नाहीत. पण आफ्रिकेतल्यासारखा तो आपल्याकडे फैलावला नाही, ही गोष्ट खरी. माझ्या मते गिमवीचे महत्त्व वेगळ्याच ठिकाणी आहे. आपल्याकडे हे नाहीच, असे पुस्तकात लिहिले असताना कुणीतरी एका खेड्यातल्या पोराच्या लघवीचा थेंब काचेवर घेऊन पाहिला. नारूच्या बाबतीतही पायविहिरींचे पाणी असेच कुणीतरी गाळून पाहिले होते. त्यातल्या सूक्ष्म जीवातून नारू पसरतो हे कळले म्हणून पुढे पाणी गाळून पिण्याची, पायविहिरी बंद करण्याची मोहीम उभी राहिली आणि १९९६ साली देशातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. त्याच वर्षी जपानच्या यामानाशी प्रांताने गोगलगायीमुळे येणारा आपला रोग संपल्याचे जाहीर केले. तिकडे त्यांनी कालवे सिमेंटचे केले, गोगलगायीला राहायला चिखलच ठेवला नाही.

तर मग शाळेतल्या टाकीचे काय? भिण्याचे कारण नाही. वर सांगितलेली साखळी नीट पाहिली तर उत्तर तिच्यातच आहे. गोगलगाय स्वतः रोग निर्माण करीत नाही. गुराच्या शेणातून किंवा माणसाच्या लघवीतून अंडी पाण्यात आली, तरच तिच्या अंगात अळी शिरणार. काचेच्या टाकीत जन्मलेल्या, महिनोन्‌महिने तिथेच वाढलेल्या गोगलगायींना ते मिळते कुठे? त्या निर्धोक आहेत. शंका घ्यायची ती नुकत्याच ओढ्यातून, म्हशी डुंबतात त्या डबक्यातून आणलेल्या मोठ्या गोगलगायीविषयी. गुरांच्या आणि पाखरांच्या कृमींच्या अळ्या माणसाच्या कातडीत शिरतात, पण पुढे वाढू शकत नाहीत, तिथेच मरतात आणि त्या जागी पुळ्या येऊन खाज सुटते. भातलावणीत किंवा तळ्यात उतरल्यावर पायांना जी खाज येते, तिच्यापैकी काही अशी असते. तेव्हा डबक्यातून वनस्पती आणताना मुलांना पाण्यात उतरवू नये, हात घातला असेल तर लगेच पुसून साबणाने धुवावा. टाकीत हात घातल्यावरही धुवावाच. गोगलगायीसाठी नव्हे, टाकीतले पाणी हे काही पिण्याचे पाणी नाही म्हणून.

राहिला मोरचुदाचा प्रश्न. मोरचुदाने गोगलगाय मरते हे खरे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इजिप्तमध्ये कालव्यांतल्या गोगलगायी मारायला तेच वापरत. पण मासाही त्याच तांब्याने मरतो, त्याचे कल्ले जळतात. आणि समजा, हिशेबाने टाकले आणि मासे वाचले, तरी शेकडो गोगलगायी एका रात्रीत मरून तळाशी कुजतात, पाणी नासते, आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगतात. मोरचूद टाकू नका, गुरुजी.

दुसरा उपाय काही जण सुचवतात, गोगलगाय खाणारा दुसरा जीव आणून सोडावा. दुकानात गोगलगायी खाणाऱ्या गोगलगायीही मिळतात. इथे हवाई बेटांची हकीकत आठवते. तिथे आफ्रिकेतल्या त्या मोठ्या गोगलगायीचा उपद्रव झाला म्हणून १९५५ साली फ्लॉरिडाकडची एक शिकारी गोगलगाय आणून सोडली. तिने मोठीला फारसे काही केले नाही. तिथल्या झाडांवर राहणाऱ्या, जगात दुसरीकडे कुठेही नसलेल्या देखण्या गोगलगायी खाऊन संपवल्या. १९७० च्या दशकात ताहिती आणि त्याच्या शेजारच्या बेटांवर हेच झाले, तिथल्या कितीतरी जाती पृथ्वीवरून गेल्या. एका वर्गातल्या टाकीत एवढा अनर्थ होणार नाही, पण उद्या ती शिकारीणच नको झाली की तिला कुठे टाकणार?

मूळ कारण खाण्यात आहे. पोरे प्रेमापोटी दिवसातून चारदा पोळीचा चुरा आणि मुरमुरे टाकतात. वीस गप्पींना चिमटीभर पुरते, उरलेले तळाशी जाते आणि गोगलगायींची पंगत बसते. जेवढे अन्न उरेल तेवढ्या त्या वाढतात, म्हणून टाकीत गोगलगायी किती हे पाहून माशांना किती जास्त घातले जाते हे सांगता येते. रोज एकदा, दोन मिनिटांत मासे संपवतील तेवढेच द्यावे, आणि ते काम एका मुलाकडे पाळीने सोपवावे, म्हणजे चौघे चार वेळा टाकत नाहीत. मग संध्याकाळी कोबीचे एक पान दोऱ्याने बांधून तळाशी सोडावे. सकाळी त्यावर गोगलगायी लगडलेल्या असतात. पान अलगद उचलून घ्यावे. आठ-दहा दिवस असे केले आणि काचेवरचे अंड्यांचे पुंजके जुन्या पत्त्याने खरवडून काढले, की संख्या आवाक्यात येते. पाच-दहा राहिल्या तर राहू द्याव्यात. काच स्वच्छ ठेवण्याचे काम वॉरिंग्टन यांच्या वेळेपासून त्या चोख करतात.

नवी वनस्पती आणली तर आधी चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा तुरटी विरघळवून त्यात ती दोन-तीन तास बुडवून ठेवावी, मग साध्या पाण्याने खळखळून धुवावी. तुरटीने पिल्ले मरतात, पण चिकट पुंजक्यातली अंडी कधी कधी तगतात, म्हणून ती वनस्पती दोन-तीन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवून पाहावी. ही बरणी खिडकीत ठेवली तर वर्गाला एक धडाच मिळतो. पहिला ठिपका कोणत्या दिवशी दिसला, कोणत्या दिवशी चालला, शंख उजव्या तोंडाचा की डाव्या, हे सातवीच्या मुलांनी वहीत लिहून ठेवण्यासारखे आहे.

आणि काढलेल्या गोगलगायी, त्यांचे काय करायचे? ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात टाकायच्या नाहीत, ओढ्यातून आलेल्या असल्या तरी. दुकानातून आलेल्या तर मुळीच नाहीत. दक्षिण अमेरिकेतली मोठी सोनेरी गोगलगाय हौशी लोक टाकीत ठेवतात. तीच १९८० च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानात नेली, मग डबक्यांत सुटली आणि आग्नेय आशियातल्या भातशेतीची कायमची डोकेदुखी होऊन बसली. आपल्या जिल्ह्यात कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांवर बागा उभ्या केल्या, २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेत ठिकठिकाणी तळी खोदली गेली. जिथे वर्षभर पाणी नव्हते तिथे ते राहू लागले, गुरे तिथेच पाणी पितात. अशा पाण्यात टाकीतले काही ओतू नये. काढलेल्या गोगलगायींवर उकळते पाणी घालावे आणि त्या ओढ्यापासून दूर, शाळेच्या बागेत वीतभर खोल पुराव्यात; शंख चुन्याचा असल्याने माती काही नाराज होत नाही. टाकीचे बदललेले पाणीही गटारातून ओढ्याला न सोडता आळ्यात घालावे. मिरचीच्या रोपाला ते चांगले मानवते.